स्वर्गारोहण : वियोग की सान्निध्य?

ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणाचा वृत्तान्त वाचताना मला एक कोडे पडे. लूक सांगतो की, गुरू दृष्टिआड झाल्यावर शिष्य मोठ्या आनंदाने यरुशलेमास परतले. वियोगात आनंद कसला?

उत्तर ‘प्रेषितांची कृत्ये’च्या पहिल्या अध्यायात मिळाले. पुनरुत्थानानंतर ४० दिवसांनी, जैतुनांच्या डोंगरावर, आकाशाकडे टक लावून राहिलेल्या शिष्यांना दोन शुभ्रवस्त्रधारी हटकतात आणि तो पुन्हा येईल असे सांगतात. देहाने एकाच गावी असणारा प्रभू आता पित्याच्या उजवीकडे बसून सर्वांनाच सन्निध झाला, अशी ही श्रद्धा आहे. साक्षीचे कार्य मात्र शिष्यांवर आले.

वडील वारल्यावर मीही असाच खिळून होतो. त्या हटकण्याने मला पुन्हा कामाला लावले.