वर्धेचा उन्हाळा आणि कीटकभक्षी वनस्पतींची काचपेटी

कीटकभक्षी वनस्पती किडे खाऊन जगतात हा समज सर्वत्र रूढ असला, तरी त्यांचे मूळ अन्न इतर वनस्पतींप्रमाणे सूर्यप्रकाशातच तयार होते; कीटकांपासून त्या मुख्यतः नत्र आणि स्फुरद घेतात, कारण ज्या निकस, पाणथळ जमिनीत त्या वाढतात तेथे या द्रव्यांचा तुटवडा असतो. चार्ल्स डार्विनने १८७५ साली या वनस्पतींवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला आणि त्याचा मोठा भाग दवबिंदू या वनस्पतीवरील प्रयोगांना दिला. महाराष्ट्रात हीच निकस भूमी सातारा जिल्ह्यातील कास पठारावर पाहावयास मिळते. तेथील जांभ्या खडकावरील मातीच्या पातळ थरात, पावसाचे पाणी साचते तेथे, दवबिंदू आणि सीतेची आसवे या दोन्ही कीटकभक्षी वनस्पती उगवतात. दवबिंदूच्या पानावर तांबूस केसरांची दाटी असून प्रत्येक केसराच्या टोकाशी चिकट द्रवाचा एकेक थेंब असतो, तर सीतेच्या आसवांची शिकार जमिनीखाली, टाचणीच्या डोक्याहूनही लहान फुग्यांत चालते.

वर्धेलगतच्या पिपरी मेघे येथील परिस्थिती याच्या अगदी उलट आहे. बेसाल्ट खडकापासून बनलेली काळी कापसाची माती चुनखडीयुक्त असते आणि बोअरच्या पाण्यातही त्यामुळे क्षार अधिक असतात. उन्हाळा सरताना कूलरच्या ताट्यांवर पांढरा, खरखरीत थर साचतो, तो याच क्षारांचा. कुंडीतही तेच घडते, कारण पाणी उडून जाते, क्षार मागे राहतात आणि ज्या मुळांना क्षारांची सवयच नाही ती हळूहळू करपतात. त्यामुळे या भागातील काचपेट्या दगावतात त्या बहुधा पाण्यापायी, आणि दोष मात्र उन्हाला दिला जातो. दवबिंदूचे नवे पान उलगडूनही त्यावर थेंब धरत नसतील, तर हवेच्या कोरडेपणाबरोबरच पाण्याचाही संशय घ्यावा.

पाण्यातील विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण, म्हणजे टीडीएस, दर लिटरला ५० मिलिग्रॅमच्या आत असावे, असा जाणकारांचा सर्वसाधारण दंडक आहे. घरच्या आरओ यंत्राचे पाणीही टीडीएस मीटरने तपासल्याशिवाय वापरू नये, आणि त्याच यंत्रातून वाया जाणारे पाणी तर मुळीच घालू नये, कारण त्यात क्षार एकवटलेले असतात. सर्वांत उत्तम ते पावसाचे. सिमेंटच्या स्लॅबवरून आलेल्या पाण्यात चुना उतरतो, म्हणून गच्चीवर स्वच्छ प्लास्टिक ताणून, पहिल्या सरी वाहून जाऊ देऊन, पुढचे पाणी झाकणाच्या पिंपात भरावे. १० चौरस मीटर प्लास्टिकवर २० मिलिमीटर पाऊस पडला तर सुमारे २०० लिटर पाणी पडते, आणि त्यातले निम्मे हाती लागले तरी एका लहान पेटीची उन्हाळ्याची मोठी सोय होते.

मातीच्या जागी स्फॅग्नम शेवाळ, किंवा पीट आणि धुतलेली गारेची वाळू यांचे मिश्रण घ्यावे. कोकोपीट स्वस्त पडते, पण त्यात मीठ असू शकते, म्हणून ते कमी क्षारांच्या पाण्यात वारंवार भिजवून पिळावे आणि पिळलेल्या पाण्याचा टीडीएस खाली येईपर्यंत थांबावे. शेणखत, गांडूळखत वा कोणतेही रासायनिक खत या मिश्रणात घालू नये. झाड अशक्त दिसले की खताकडे हात जातो, आणि ही माया त्याच्या जिवावर बेतते.

काचेची गोष्ट अधिक नाजूक आहे. बंद काचपेटीचा प्रसार ज्यांच्यामुळे झाला ते नॅथॅनिएल वॉर्ड लंडनचे होते आणि त्यांचे यावरील पुस्तक १८४२ साली निघाले. थंड, काजळीभरल्या हवेत जी पेटी झाडांना तारत होती, तीच नवतप्यातील वर्धेत, पारा ४५ अंशांच्या आसपास असताना, उन्हात ठेवली तर भट्टी ठरते. दुपारची कोरडी हवा पाहून झाकण लावण्याचा मोह होतो, पण उंच कडांची, उघड्या तोंडाची पेटी, तळाशी बोटभर पाणी असलेले ताट आणि उत्तरेच्या खिडकीजवळ रोज १२ तास एलईडी दिव्याचा प्रकाश, ही मांडणी अधिक निर्धोक आहे.

पहिली निवड कोणती करावी, यावरही बरेच अवलंबून असते. व्हीनस फ्लायट्रॅप हे झाड अमेरिकेतील उत्तर व दक्षिण कॅरोलायनाचे असून त्याला हिवाळ्यात काही महिने थंड विश्रांती लागते. वर्धेच्या हिवाळ्यातील उबदार दुपारी ती पुरेशी मिळत नाही. शिवाय सापळा मिटताना पाहण्यासाठी मुले त्यात बोट घालतात, आणि प्रत्येक सापळा काही वेळाच मिटू शकत असल्याने झाडाची शक्ती फुकट जाते. घटपर्णीची संकरित जात सावलीत टांगल्यास तग धरू शकते, फक्त तिच्या मुळांशी पाणी तुंबू देऊ नये. मात्र आरंभ करावा तो दवबिंदूच्या उष्ण प्रदेशातील जातींपासून, आणि तोही रोपवाटिकेतील बियांपासून. कास पठार २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात समाविष्ट आहे आणि तेथून रोप उपटून आणणे हे कोणत्याही छंदाच्या नावाखाली क्षम्य नाही. बी मातीने झाकू नये, ओल्या मिश्रणावर नुसते भुरभुरावे, कारण त्याला रुजण्यासाठी प्रकाश लागतो.