जाळ्याची नोंदवही : संगणकीय आज्ञावलीची निवड

ई-प्रशासनाच्या चर्चेत सेवांचा उल्लेख वारंवार होतो. त्या सेवा ज्या तारांवरून पोहोचतात, त्यांच्या नोंदींचा मात्र क्वचितच. मार्च २००५ मध्ये केंद्र सरकारने राज्यव्यापी क्षेत्र जाळे अर्थात ‘स्वान’ योजनेस मंजुरी दिली. राज्य, जिल्हा व गट मुख्यालये किमान २ एमबीपीएस क्षमतेने जोडणे हे तिचे उद्दिष्ट होते. २०११ मध्ये मंजूर झालेली राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर जाळे योजना पुढे ‘भारतनेट’ या नावाने ओळखली जाऊ लागली. तिच्यापुढे सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींचे लक्ष्य होते. एवढ्या विस्तारात कोणती तार कोठून कोठे जाते, हे एखाद्या तंत्रज्ञाच्या स्मरणशक्तीवर सोपवता येत नाही. तार तुटली की दाखले, वेतन, कोषागाराची देयके सारेच खोळंबते आणि दुरुस्तीचा बराचसा वेळ दोष शोधण्यात जातो.

या नोंदींसाठी आज्ञावली निवडताना पहिला भेद लक्षात घ्यावा लागतो, तो चित्र आणि नोंद यांतील. मायक्रोसॉफ्ट व्हिजिओ किंवा मुक्त स्रोत प्रकारातील डाया, लिबरऑफिस ड्रॉ यांनी सुबक आकृती काढता येते. परंतु आकृतीतील रेघ ही तार आहे, हे सामान्यतः आज्ञावलीस ठाऊक नसते. याउलट २०१६ मध्ये मुक्त स्रोत म्हणून खुली झालेली ‘नेटबॉक्स’ ही माहितीसंचावर आधारलेली आहे. प्रत्येक उपकरण कोणत्या रॅकमध्ये, कोणत्या उंचीवर आहे आणि त्याच्या कोणत्या पोर्टमधून निघालेली तार कोठे संपते, याची नोंद तीत केली जाते. सर्वसाधारण रॅक ४२ ‘यू’ उंचीचा असतो व एक ‘यू’ म्हणजे ४४.४५ मिलिमीटर. एकाच जागी दोन उपकरणे दाखविण्याचा प्रयत्न केल्यास ती नोंद नाकारली जाते. रॅकची आकृती नोंदींवरून आपोआप तयार होते. अमुक स्विच बंद केल्यास कोणत्या कार्यालयांचा संपर्क तुटेल, या प्रश्नाचे उत्तर अशा नोंदींतून मिळू शकते. चित्रातून ते डोळ्यांनी शोधावे लागते.

तथापि, एका इमारतीत एकच रॅक असेल तर तक्ता आणि साधी आकृती पुरेशी आहे. माहितीसंचासाठी सर्व्हर, नियमित प्रती आणि प्रशिक्षित कर्मचारी लागतात. मुक्त स्रोत म्हणजे विनाखर्च, हा समज परीक्षार्थींच्या उत्तरपत्रिकांतच नव्हे, तर निविदांतही आढळतो!

खरा प्रश्न मालकीचा आहे. शासकीय जाळ्यांची उभारणी व देखभाल अनेकदा खासगी संस्थेकडे असते. करार संपताना नोंदी त्या संस्थेच्याच आज्ञावलीत अडकून राहिल्या, तर पुढील संस्थेस प्रत्येक तार नव्याने शोधावी लागते आणि त्याचा भार सार्वजनिक निधीवर पडतो. म्हणून सर्व माहिती सीएसव्हीसारख्या खुल्या स्वरूपात बाहेर काढता येते काय, हे खरेदीपूर्वीच तपासले पाहिजे. ई-प्रशासनातील खुल्या मानकांचे धोरण २०१० मध्ये आले. २०१५ च्या मुक्त स्रोत धोरणाने अशा आज्ञावलींना प्राधान्याने विचारात घेण्यास सांगितले. मात्र निवड करताना क्षमता, सुरक्षा, धोरणात्मक नियंत्रण, विस्तारक्षमता, आयुर्मानातील एकूण खर्च आणि साहाय्य यांचे मूल्यमापन अपेक्षित ठेवले. सुरक्षेचा निकष येथे विशेष महत्त्वाचा आहे, कारण जाळ्याचा संपूर्ण नकाशा घातपात करणाऱ्याच्याही उपयोगाचा असतो.

तारेच्या दोन्ही टोकांवर ओळखचिठ्ठी असावी, असे टीआयए-६०६ हे मानक सांगते. चिठ्ठीवरील क्रमांक आणि संगणकातील क्रमांक जुळत नसतील, तर महागडी आज्ञावलीही निरुपयोगी ठरते. त्यामुळे प्रत्येक बदलाची नोंद कोणी व केव्हा करावयाची, हे कार्यालयीन आदेशानेच ठरवावे लागते.

इमारतीबाहेरील मार्गांसाठी क्यूजीआयएससारखी भौगोलिक प्रणाली अधिक योग्य. असंघटित खोदकामामुळे देशाचे दरवर्षी सुमारे ३,००० कोटी रुपयांचे नुकसान होते, असे मार्च २०२३ मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ या ॲपच्या प्रारंभी सांगण्यात आले. खोदणाऱ्याची पूर्वसूचना या ॲपद्वारे भूमिगत मालमत्तेच्या मालक संस्थेपर्यंत पोहोचते. आपली तार रस्त्याच्या कोणत्या बाजूने व किती खोलीवरून गेली आहे, हे त्या वेळी संस्थेस सांगता यावे लागते. त्यासाठी निविदेसोबतचा नियोजित आराखडा पुरत नाही. प्रत्यक्ष टाकलेल्या मार्गाचीच नोंद लागते.