पांबनचा पूल

तमिळनाडूच्या किनाऱ्याजवळ रामेश्वरचे बेट आहे. मुख्य भूमी आणि हे बेट यांच्यामध्ये समुद्राची एक उथळ पट्टी पसरलेली आहे. तिच्यावर बांधलेला दोन किलोमीटरांहून अधिक लांबीचा रेल्वेचा पूल १९१४ साली खुला झाला. हाच पांबनचा पूल होय. बेटाच्या पूर्व टोकाला त्या काळी धनुष्कोडी हे गजबजलेले बंदर होते. तेथून आगबोटी श्रीलंकेला जात.

२२ डिसेंबर १९६४ च्या रात्री या भागावर भयंकर चक्रीवादळ कोसळले. चक्रीवादळाचा वारा समुद्राचे पाणी किनाऱ्याकडे रेटीत आणतो. समुद्र उथळ असला म्हणजे त्या पाण्याला खाली वाव मिळत नाही आणि ते भिंतीसारखे उंच चढते. त्या रात्री असेच घडले. पांबनहून निघालेली उतारूंची गाडी मध्यरात्रीच्या सुमारास धनुष्कोडीजवळ पोहोचत होती. तोच लाटांनी तिला गिळून टाकले. गाडीत शंभराहून अधिक माणसे होती. त्यांच्यापैकी एकही वाचले नाही. गाडी चालविणारे कर्मचारीही आपले काम करीत असतानाच गेले.

पांबनच्या पुलाचीही दैना झाली. त्याच्या बहुतेक गाळ्यांवरील लोखंडी तुळया समुद्रात पडल्या. बेटाचा रेल्वेमार्ग तुटला. पूल दुरुस्त करण्यास प्रथम सहा महिन्यांची, नंतर तीन महिन्यांची मुदत ठरली. हे काम ई. श्रीधरन या अवघ्या ३२ वर्षांच्या अभियंत्यावर सोपविण्यात आले. नव्या तुळया घडविण्यात फार काळ गेला असता. म्हणून समुद्रात पडलेल्या तुळया शोधून वर काढण्यात आल्या आणि पुन्हा खांबांवर चढविण्यात आल्या. केवळ ४६ दिवसांत पूल उभा राहिला! हेच श्रीधरन पुढे कोकण रेल्वेच्या उभारणीचे प्रमुख झाले.

या पुलाने त्यानंतरही अनेक वर्षे सेवा केली. २०२५ साली त्याच्या शेजारी नवा पूल सुरू झाला. धनुष्कोडीचा रेल्वेमार्ग मात्र पुन्हा बांधला गेला नाही. तेथे आज पडक्या भिंती दिसतात.

मुलांनो, बुडालेले लोखंड माणसाने समुद्रातून परत आणले. बुडालेली माणसे त्याला परत आणता आली नाहीत. आज उपग्रहांच्या साहाय्याने वादळाची सूचना पुष्कळ आधी मिळते. ती सूचना मानून वेळीच सुरक्षित जागी जाणे, हेही पूल बांधण्याइतकेच मोलाचे काम आहे.

प्रश्न
१. उथळ समुद्रात वादळाचे पाणी उंच का चढते?
२. पूल इतक्या लवकर कसा उभा राहिला?