अतिघन इंधन आणि कालामांचा प्रश्न

केसपुत्त गावच्या कालामांनी तथागतांना विचारले होते की, येणारा प्रत्येक जण आपलेच मत खरे म्हणतो, तेव्हा आम्ही मानावे कोणाचे? आमच्या अभ्यासवर्गात एका विद्यार्थ्याने असाच पेच टाकला. हायड्रोजन अतिशय घन करता येतो व त्यापासून स्वच्छ वीज मिळेल, असे त्याच्या वाचनात आले होते. आम्ही कलाशाखेचे पदवीधर. तरी वाचून जे उमगले ते येथे देत आहोत.

सूर्याच्या गाभ्यात हायड्रोजनची अणुकेंद्रके एकत्र येतात व ऊर्जा बाहेर पडते. हेच अणुसंमीलन. केंद्रके धनभारित, म्हणून एकमेकांना दूर लोटतात. त्यांना जवळ आणावयाचे तर उष्णता हवी आणि दाटीही हवी. सूर्यगाभ्याचे तापमान सुमारे दीड कोटी अंश आहे आणि तेथे एका घन सेंटिमीटरमध्ये सुमारे १५० ग्रॅम द्रव्य मावते. शिसे तेवढ्या जागेत ११ ग्रॅम भरते.

अमेरिकेत लिव्हरमोर येथे मोहरीएवढ्या गोळीवर १९२ लेसर किरणांचा मारा करून अशी दाटी साधतात. ५ डिसेंबर २०२२ रोजी २.०५ मेगाज्यूल लेसर ऊर्जा देऊन ३.१५ मेगाज्यूल मिळाली. जमा बाजूचा गाजावाजा झाला. नावे बाजूला लेसर चालविण्यासाठी घेतलेली सुमारे ३०० मेगाज्यूल वीज होती. बँकेत बसून आमची नजर आधी तिकडे जाते.

मग इंधन मुळातच घन असेल तर? स्वीडनमधील गोथेनबर्ग विद्यापीठाचे लाइफ होल्मलिड यांचा दावा असाच आहे. त्यांच्या मते ड्युटेरियम, म्हणजे जड हायड्रोजन, इतका दाटतो की लिटरभर जागेत सुमारे १३० टन भरेल. साध्या हायड्रोजन रेणूत दोन केंद्रकांमध्ये ७४ पिकोमीटर अंतर असते, येथे २.३. तसे असेल तर दाबण्याचा खर्चच वाचला!

पण ही घनता कोणी तराजूत तोललेली नाही. लेसरच्या झटक्याने उडालेल्या कणांना सुमारे ६३० इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा मिळते असे ते सांगतात, आणि त्यावरून उलट गणिताने ते अंतर काढले आहे. कण दुसऱ्या कारणाने वेगवान झाले असतील तर सारा हिशेब कोसळतो. इलेक्ट्रॉन इतक्या अरुंद जागेत राहतील कसे, याचे उत्तर प्रचलित भौतिकशास्त्रात बसत नाही. इतर प्रयोगशाळांतून सर्वमान्य होईल असा दुजोराही मिळालेला नाही.

‘स्वच्छ’ या शब्दाचेही तसेच. धूर नाही हे खरे. परंतु ड्युटेरियम-ट्रिटियमच्या संमीलनातून निघणारे न्यूट्रॉन भट्टीच्या भिंती किरणोत्सारी करतात.

कालामांना बुद्धांनी ऐकीव म्हणून किंवा गुरू सांगतो म्हणून मानू नका, असे सांगितले. तो उपदेश आचरणाविषयी आहे हे आम्ही विसरत नाही. मुलाने विचारले, “मग हे खोटेच ना?” आम्ही म्हणालो, तेही ऐकीवच होईल. दुसऱ्या कोणी, आपल्या उपकरणांवर, दिलेली वीज व मिळालेली उष्णता मोजून दाखविली आहे काय, तेवढे शोधून पुढच्या रविवारी ये.