गळकं इंजिन आणि बाटलीतला उतारा

प्रश्न : माझी छोटी पेट्रोल गाडी २००९ची आहे, सव्वा लाखावर किलोमीटर झालेत. रात्रभर उभी राहिली की पार्किंगच्या फरशीवर ऑइलचे चार-पाच थेंब पडलेले असतात. मेकॅनिक म्हणतो, क्रँकचं मागचं सील गेलंय, गिअरबॉक्स उतरवावा लागेल, सात-आठ हजारांचं काम आहे. स्पेअर पार्टच्या दुकानदारानं मात्र हजारभर रुपयांची एक बाटली पुढे केली. ऑइलमध्ये ओतायची, गळती आपोआप थांबते म्हणाला. पातळ द्रवानं भोक बुजतं तरी कसं? आणि बुजत असेल, तर इंजिनातल्या ऑइलच्या बाकीच्या वाटा का बुजत नाहीत?
(एक वाचक, बार्शी)

उत्तर : तुमच्या शेवटच्या वाक्यातच मेख आहे. ही बाटली भोक बुजवत नाही. बुजवत असती, तर तिनं आधी इंजिनातल्या ऑइलच्या बारीक नळ्याच बुजवल्या असत्या. तिचं काम एकच, रबर फुगवणं.

खात्री करायची असेल तर सायकलच्या जुन्या ट्यूबचा बोटभर तुकडा कापा, कागदावर ठेवून त्याची कड पेन्सिलीनं आखून घ्या आणि तो रात्रभर रॉकेलमध्ये बुडवून ठेवा. सकाळी तुकडा आखलेल्या रेघेबाहेर गेलेला दिसेल, हाताला मऊही लागेल. रबराच्या आत द्रव शिरला की रबर फुगतं. ट्यूबचं रबर रॉकेलमध्ये फुगून कामातूनच जातं. इंजिनाच्या सीलचं रबर निराळं असतं, नायट्राइल किंवा त्याहून उष्णता सोसणारं. ते ऑइलला दाद देत नाही, पण ठरावीक रसायनं मात्र थोडीशी आत घेतं. बाटलीत मुख्यतः अशीच रसायनं असतात, बहुतेक एस्टर जातीची. काहींत ऑइल दाट करणारी पॉलिमरंही घातलेली असतात.

आता तुमचं सील. क्रँकशाफ्ट इंजिनातून बाहेर पडून फ्लायव्हीलला मिळतो, तिथे हे बसवलेलं असतं. बाहेरून पत्र्याचं कडं, आत रबराचा पातळ ओठ, आणि तो ओठ शाफ्टवर दाबून धरायला बऱ्याच सीलांत मागे एक केसासारखी बारीक स्प्रिंग. सारी भिस्त त्या ओठाच्या धारेवर. वर्षानुवर्षं गरम ऑइल खाऊन रबर कडक होतं, आकसतं, ओठ शाफ्टला नीट टेकेनासा होतो आणि थेंब सुटतो. एवढंच झालं असेल, तर बाटलीतलं रसायन रबराला पुन्हा थोडं मऊ करतं, किंचित फुगवतं, आणि ओठ परत टेकतो. यात थाप नाही. दुकानदार चुकतोय तो ‘आपोआप’ या शब्दात.

शाफ्टची सीलं पूर्वी चामड्याची असत, आणि बसवण्याआधी ती तेलात मुरवत. जर्मनीतल्या वाइनहाइमची फ्रॉयडेनबर्ग ही आज सीलांसाठी जगभर माहीत असलेली कंपनी मुळात कातडी कमावणारी. १९२९च्या मंदीत धंदा बसला तेव्हा ती चामड्याची सीलं करू लागली आणि १९३०च्या दशकात कृत्रिम रबराकडे वळली. काही इंजिनांत तर मागे रबरच नव्हतं. आपल्या जुन्या अँबेसेडरमधल्या बीएमसीच्या १४८९ सीसी इंजिनात शाफ्टवर उलटे आटे पाडलेले असत. शाफ्ट फिरताना ते आटे ऑइल परत आत ढकलत, गाडी उभी राहिली की थेंब पडे. अशा इंजिनात ही बाटली ओतून उपयोग काय, फुगायला रबर नको का?

तर पहिला प्रश्न बाटलीचा नाही, गळती कुठून आहे याचा. फाटलेलं सील, तडकलेला ऑइलचा चेंबर, ढिला बोल्ट, बसकं झालेलं कागदी किंवा कॉर्कचं पॅकिंग, यांतलं काहीही बाटलीनं सुधारत नाही. सीलच्या ओठाखाली शाफ्टवर वर्षांच्या घासण्यानं चर पडला असेल तरी नाही. तिथे नवं सीलसुद्धा गळतं. जाणता मेकॅनिक अशा वेळी नवं सील मिलिमीटरभर पुढे-मागे बसवतो, म्हणजे ओठ कोऱ्या जागेवर टेकतो.

मेकॅनिकचं निदान चुकीचं आहे असं माझं म्हणणं नाही, पण गिअरबॉक्स उतरवण्याआधी ते पडताळून पाहा. ऑइल वरून खाली येतं आणि चालत्या गाडीत वाऱ्यानं मागे जातं. टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यातून सुटलेलं ऑइल ब्लॉकवरून ओघळत नेमकं इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडावर येऊन टपकतं, आणि आळ मागच्या सीलवर येतो. टॅपेट कव्हरचं पॅकिंग काही शेकड्यांत बदलून होतं. म्हणून आधी इंजिन धुऊन कोरडं करा, दोन दिवस गाडी चालवा, मग बॅटरी लावून वरून खाली बघत या. सर्वांत वरचा ओला डाग जिथे, गळती तिथे. थेंबाचा वासही घ्या. गिअर ऑइलला गंधकासारखा उग्र दर्प असतो. तसा वास आला तर गळतोय तो गिअरबॉक्स, आणि इंजिनात ओतलेली बाटली तिथे पोचणारच नाही.

ब्रीदर नक्की बघायला सांगा. पिस्टनच्या कडेनं निसटलेला वायू चेंबरमध्ये उतरतो, त्याला बाहेर पडायला ही वाट. ब्रीदरची नळी किंवा पीसीव्ही व्हॉल्व्ह कचऱ्यानं चोंदला की आत दाब साठतो आणि चांगल्या सीलांतूनही ऑइल बाहेर ढकललं जातं. साफ करायला खर्च जवळजवळ शून्य. नवं सील घातल्यावर महिन्या-दोन महिन्यांत पुन्हा गळती सुरू झाली, तर पहिला संशय इथेच घ्यावा. ब्रीदर साफ असूनही ऑइलचं झाकण काढल्यावर भकाभका धूर येत असेल, तर मेकॅनिक त्याला ‘बॅक कॉम्प्रेशन’ म्हणतात. मग दुखणं पिस्टनच्या रिंगांचं आहे, सीलचं नाही.

थोडा हिशेब. साधारण वीस थेंबांचा एक मिलिलिटर होतो. रोज रात्री पाच थेंब पडले तरी वर्षाचे शंभर मिलिलिटर भरत नाहीत. फरशीवरचा डाग फसवा असतो, थेंब पसरतो म्हणून मोठा दिसतो. मात्र इंजिन चालू असताना गळती वाढते, तेव्हा भरवसा फरशीवर नको, डिपस्टिकवर ठेवा. बहुतेक गाड्यांत तिच्या वरच्या आणि खालच्या खुणेत पाऊण ते एक लिटरचा फरक असतो. महिनाभरात पातळी दिसण्यासारखी उतरत नसेल, तर घाई करू नका.

पडताळणी करूनही दोष मागच्या सीलचाच निघाला, गळती थेंबांचीच आहे आणि पंधरा-सोळा वर्षांच्या गाडीत आठ हजार घालायचे जिवावर येत असतील, तर माझं मत : बाटली घ्या. नावाजलेल्या कंपनीची, इंजिन ऑइलसाठीचीच. रेडिएटरची गळती थांबवणारी बाटली वेगळी, तिच्यात खरोखरच भोक बुजवणारं द्रव्य असतं. ट्रकवाले रेडिएटरमध्ये हळद टाकतात ती त्याच न्यायानं. असलं काही इंजिनात गेलं तर ऑइलच्या वाटाच बंद. ब्रेक ऑइल ओतायचा सल्ला कोणी दिला तर तोही ऐकू नका, त्यानं ऑइल नासतं.

साधारण ३०० मिलिलिटरची बाटली तीन-चार लिटर ऑइलला पुरते. पातळी आधीच वरच्या खुणेला असेल तर तेवढं ऑइल काढून मगच ओता. भरणा जास्त झाला की क्रँक ऑइल घुसळतो, फेस होतो. मग गाडी चालवत राहा. लिक्वी मोलीसारखी कंपनी आपल्या बाटलीचा गुण ६०० ते ८०० किलोमीटरनंतर दिसतो असं सांगते. रोज दहा किलोमीटर चालणाऱ्या गाडीला म्हणजे दोन-अडीच महिने. दोन दिवसांत फरक नाही म्हणून दुसरी बाटली ओतू नका. रबर गरजेपेक्षा मऊ पडलं तर ओठ झिजून जाईल. पुढच्या वेळी ऑइल बदललं की औषधही त्याच्याबरोबर जाणार, हेही धरून चाला.

क्लच घसरू लागला, म्हणजे इंजिनाचा आवाज चढतोय पण गाडी ओढत नाही, असं झालं तर ऑइल क्लचप्लेटपर्यंत गेलं असण्याचा दाट संभव. तेव्हा गिअरबॉक्स उतरवायचाच, आणि उतरवलाच आहे तर क्लचप्लेटही बघून घ्या, मजुरी एकदाच पडेल. सायलेन्सरच्या तापलेल्या पाइपवर ऑइल पडून जळका वास येत असेल, तर तिथेही बाटली नको. तो आगीचा धोका आहे.

घरात मोटरसायकल असेल तर उरलेली बाटली तिच्यात रिकामी करू नका. बहुतेक मोटरसायकलींचा क्लच इंजिनाच्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो, आणि अशा गाड्यांत हे द्रव्य घालू नये असं काही बाटल्यांवरच छापलेलं असतं, अर्थात बारीक अक्षरांत.