आऊटबोर्ड इंजिनाचा गिअर बॉक्स : पाणी शिरण्याची कारणे व घरच्या घरी दुरुस्ती

पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै हा यांत्रिक मासेमारीच्या बंदीचा काळ असतो. या दोन महिन्यांत कोकणातील मच्छीमार बांधव जाळी विणतात, होडीला रंग देतात; आऊटबोर्ड इंजिन मात्र बहुधा गोणपाटात गुंडाळून पडवीच्या कोपऱ्यात उभे राहते. त्याच्या गिअर बॉक्समध्ये खारे पाणी शिरलेले असेल, तर विश्रांतीचा हा काळच त्याच्या नाशाचा काळ ठरतो. तेलाचा थर निथळून गेलेल्या बेअरिंगांवर गंज चढतो आणि नारळी पौर्णिमेनंतरच्या पहिल्या फेऱ्यांत खालून घरघर ऐकू येऊ लागते. पुढे गिअर तुटला तर प्रश्न केवळ खर्चाचा राहत नाही. खाडीच्या तोंडाशी, भरतीच्या लाटांत पंखा फिरेनासा झालेल्या होडीत दोन-तीन माणसे असतात, याचे भान ठेवावयास हवे.

ही दुरवस्था टाळण्याचे काम अवघड नाही. त्यातील बराचसा भाग घरी करता येतो. काही भाग घरी करू नये. या दोहोंमधील सीमा स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा मुख्य हेतू आहे.

रचना

ओले एव्हिनरूड यांनी 1909 च्या सुमारास अमेरिकेत आऊटबोर्ड इंजिन बाजारात आणले, तेव्हापासून मूळ कल्पना फारशी बदललेली नाही. इंजिनातून एक उभा शाफ्ट खाली येतो. त्याच्या टोकाचा लहान पिनियन पंख्याच्या आडव्या शाफ्टवरील दोन तिरप्या दात्यांच्या गिअरांना फिरवितो. एक पुढे जाण्यासाठी, दुसरा मागे येण्यासाठी. दोहोंच्या मध्ये सरकणारा क्लच ज्या गिअरात अडकेल त्या दिशेने पंखा फिरतो. लहान इंजिनांत इंजिनाच्या साधारण दोन फेऱ्यांना पंख्याची एक फेरी पडते. हे सर्व अर्ध्या लिटरहूनही कमी तेलात बुडालेले असते, आणि बाहेरचे पाणी आत येऊ न देण्याची जबाबदारी काही रबरी ऑईल सीलांवर असते.

निदान

इंजिन उभे ठेवून रात्रभर स्थिर राहू द्यावे. सकाळी खाली स्वच्छ भांडे धरून तळाचा स्क्रू सावकाश सैल करावा. पाणी जड असल्याने तेच प्रथम बाहेर येते. नंतर वरचा हवेचा स्क्रू काढावा म्हणजे उरलेले तेल मोकळेपणाने वाहते. ताकासारखे पांढुरके तेल म्हणजे पाणी शिरल्याची खूण. काळे पण नितळ तेल केवळ जुने झालेले असते. स्क्रूच्या चुंबकावर राखाडी लेप असणे स्वाभाविक आहे. नखाला टोचणारे धातूचे तुकडे मिळाल्यास गिअरचे दाते किंवा बेअरिंग तुटत आहे असे समजावे आणि काम तेथेच थांबवून इंजिन कुशल कारागिराकडे न्यावे.

तेल पांढुरके दिसताच ते बदलून मोकळे होण्याची प्रथा सर्वत्र आढळते. तिचा उपयोग नाही. पाणी कोठून शिरते हे शोधल्याशिवाय ओतलेले नवे तेल काही फेऱ्यांतच जुन्यासारखे होते.

शोधण्याची रीत सोपी आहे. रिकाम्या गिअर बॉक्सच्या एका छिद्रास योग्य आट्याची नळी बसवून, दुसरे बंद करून, मीटर असलेल्या सायकलच्या पंपाने सुमारे 10 पीएसआय दाब द्यावा. कॉम्प्रेसर वापरू नये. जादा दाबाने चांगले सीलही उलटते. मग साबणाचे पाणी लावून पंख्याचा शाफ्ट, उभा शाफ्ट, गिअर बदलण्याची दांडी आणि दोन्ही स्क्रू तपासावेत. शाफ्ट हाताने फिरवीत राहावे, कारण काही गळत्या शाफ्ट फिरतानाच दिसतात. बुडबुडे जेथे, दोष तेथे. स्क्रूखालचे चिमटलेले वॉशर हेच कारण निघाले, तर दुरुस्ती काही रुपयांत आटोपते.

सील बदलणे

गिलनेट वापरणाऱ्या होड्यांत मात्र दोष बहुतेक वेळा पंख्यामागील सीलात असतो. नायलॉनचा तुटका धागा शाफ्टभोवती गुंडाळला जातो, उष्णतेने वितळून कडक होतो आणि सीलाची कड कापतो. म्हणून हंगामात अधूनमधून पंखा काढून त्यामागे पाहण्याची सवय लावावी.

कामास आरंभ करण्यापूर्वी इंधन बंद करून स्पार्क प्लगच्या टोप्या काढाव्यात. हा नियम अनुभवी हातांनीही मोडू नये. पंखा काढल्यावर सील धरणारी बेअरिंगची टोपी दिसते. खाऱ्या पाण्याने तिचे बोल्ट जखडलेले असतात. गंज सोडविणारे तेल लावून एक दिवस थांबावे, नंतर सौम्य उष्णता द्यावी. हातोड्याच्या घावाने ॲल्युमिनियमचे कवच तडकते.

टोपीत सहसा दोन सील असतात. काढण्यापूर्वी त्यांच्या कडा कोणत्या दिशेस आहेत याचे छायाचित्र घ्यावे, कारण आतले तेल अडविते आणि बाहेरचे पाणी. नवे सील योग्य मापाच्या पान्याच्या गोटीने सरळ दाबून बसवावेत व मध्ये जलरोधक ग्रीस भरावे. शाफ्टवर नख फिरविल्यास खाच लागत असेल, तर नवे सीलही टिकणार नाही. शाफ्टचा विचार करावा लागेल.

तेच गिअर, तीच बेअरिंगे आणि तेच शिम पूर्वीच्या जागी परत बसणार असतील, तर दात्यांमधील खेळ बदलत नाही. एखादा गिअर वा बेअरिंग नवे घालावयाचे झाल्यास शिमांची जाडी पुन्हा मोजावी लागते, त्यास मोजमापाची साधने लागतात. घरच्या कामाची सीमा ती हीच. पिनियनचा नट घरी उघडू नये.

कावेरीच्या खोऱ्यातील शेतकऱ्यांनाही हा दोष परिचित असावयास हवा. मेट्टूर धरणाचे पाणी 12 जूनला सोडण्याचा प्रघात आहे. त्यानंतर कुंभकोणमच्या परिसरात कुरुवै भाताची चिखलणी सुरू होते. चिखलात चालणाऱ्या पॉवर टिलरच्या चाकाकडील सील असेच झिजते, तेल असेच पांढरे होते, आणि त्याची परीक्षाही हीच. आपल्याकडील भातखाचरांत टिलर चालविणाऱ्यांनी हा भाग स्वतःसाठी वाचावा. विस्तार कार्यकर्त्यांना एकाच प्रात्यक्षिकात मच्छीमार आणि भातशेतकरी असे दोन्ही गट बसविता येतील.

पुन्हा जोडताना

गिअर बॉक्स खाली उतरलाच आहे तर वरच्या पाण्याच्या पंपाचा रबरी इम्पेलर बदलून घ्यावा. त्याची पाती शाफ्टच्या फिरण्याच्या दिशेच्या उलट वाकलेली राहतात. उभ्या शाफ्टच्या खाचांना ग्रीस लावावे, पण माथ्यावर लावू नये. तेथे साचलेले ग्रीस शाफ्टला पुरते वर बसू देत नाही.

तेल उत्पादकाच्या पुस्तिकेत सांगितलेल्या प्रतीचेच घ्यावे आणि तळाच्या छिद्रातून भरावे, म्हणजे हवा कोंडत नाही. वरून बुडबुड्यांविना तेल आले की प्रथम वरचा स्क्रू, नंतर खालचा स्क्रू नव्या वॉशरसह आवळावा. काढलेले तेल खाडीत वा वाळूत न ओतता बंद डब्यात ठेवावे.

जस्ताचा संरक्षक ठोकळा निम्मा झिजला असल्यास बदलावा. त्यावर रंग लावू नये; होडीच्या तळासाठी आणलेला तांबेयुक्त रंगही इंजिनाच्या ॲल्युमिनियमवर लावू नये, त्याने धातू झपाट्याने खातो.

गिअर टाकताना इंजिन मंद ठेवून दांडी एका झटक्यात सरकवावी. हळूहळू टाकल्यास क्लचचे कोपरे घासून गोल होतात व भार येताच गिअर सुटतो. दुरुस्तीनंतरच्या पहिल्या तीन-चार फेऱ्या झाल्यावर तळाचा स्क्रू किंचित सैल करून तेलाचा एक थेंब पांढऱ्या कागदावर पाहावा. तो नितळ असल्यास नेहमीच्या वेळापत्रकाने तेल बदलण्यास हरकत नाही.