खेदाचा मसुदा

इंग्रजी पत्रांचे मसुदे तपासून देण्यात माझी बहुतेक नोकरी गेल्यामुळे, व्याकरणाच्या चुकांनी पत्र लिहिणाराची जेवढी हानी होते त्याहून अधिक हानी खेद दर्शविणारा एखादा निर्दोष शब्द अस्थानी पडल्याने होते, अशी माझी पक्की खात्री झालेली आहे. माझ्या परिचयाच्या एका कारखानदाराचा माल बंदरातील खोळंब्यामुळे परदेशी गिऱ्हाइकास उशिरा पोहोचला. विलंबात यांचा काडीइतकाही दोष नव्हता, परंतु सौजन्याच्या भरात या सद्गृहस्थांनी 'वुई अपॉलजाइज' असे लिहून पत्र रवाना केले, आणि पुढे नुकसानभरपाईची मागणी आली तेव्हा तेच वाक्य कबुलीजबाब म्हणून त्यांच्यापुढे ठेवण्यात आले. 'रिग्रेट' लिहिते तर सौजन्यही राहते आणि हातही मोकळे राहते.

कारण 'रिग्रेट' करणारा घडल्या गोष्टीविषयी हळहळतो, पण ती कोणाच्या हातून घडली याविषयी मौन पाळतो; 'अपॉलजाइज' करणारा दोष पदरात घेतो; आणि 'सॉरी' हा शब्द ऐकणाऱ्याला हवा तिकडे झुकतो. मुत्सद्दी लोक हे पुरते ओळखून असतात. एप्रिल २००१ मध्ये हायनान बेटानजीक अमेरिकेचे टेहळणी विमान व चीनचे लढाऊ विमान यांची टक्कर होऊन चिनी वैमानिक प्राणास मुकला, तेव्हा अमेरिकेच्या पत्रात 'व्हेरी सॉरी' हे शब्द दोनदा आले, 'अपॉलजी' एकदाही नाही. चीनने ती क्षमायाचना मानली, अमेरिकेने ते केवळ दुःखप्रदर्शन म्हटले, आणि चीनमध्ये अडकून पडलेले अमेरिकी विमानातील २४ जण सुटले.

आपल्याला अधिक झोंबणारा दाखला जालियनवाला बागेचा. हत्याकांडाच्या शताब्दीस तीन दिवस उरले असता, १० एप्रिल २०१९ रोजी, पंतप्रधान थेरेसा मे यांनी हाउस ऑफ कॉमन्समध्ये 'डीपली रिग्रेट' हे शब्द उच्चारले, आणि विरोधी पक्षनेते जेरेमी कॉर्बिन यांनी त्याच सभागृहात निःसंदिग्ध माफीची मागणी केली. 'डीपली' या क्रियाविशेषणाने दुःखाची खोली वाढते, दोषाची जबाबदारी तसूभरही वाढत नाही, हे कॉर्बिन यांना कळत होते. मे यांना तर ते अधिकच कळत असले पाहिजे. माफी म्हणजे आपोआप निष्काळजीपणाची कबुली नव्हे, असे इंग्लंडात २००६ साली कायद्याने सांगावे लागले, यावरून त्या शब्दाचा धाक ध्यानात यावा.

म्हणून लेखणी उचलण्यापूर्वी चूक आपली, दुसऱ्याची की कोणाचीच नव्हे, याचा निवाडा मनाशी मराठीतच करावा. सांत्वनपत्रात 'सॉरी' शोभतो. तेथे 'अपॉलजाइज' घातल्यास मृत्यूस आपणच कारण झालो असा भास होतो, आणि 'रिग्रेट' घातल्यास नोकरीचा अर्ज नामंजूर झाल्याचे सरकारी पत्र वाटते. 'आय अ‍ॅम अफ्रेड' आले तर समोरचा भ्यालेला नसून नकार देत आहे, एवढे समजून त्याला धीर देण्याच्या भरीस पडू नये. चूक निखालस आपली असेल तेव्हा मात्र 'रिग्रेट'च्या आडोशाला जाणे मला अप्रामाणिक वाटते. तेथे 'अपॉलजाइज' लिहून आपण काय केले ते त्याच वाक्यात सांगावे, आणि तुम्हाला वाईट वाटले 'असेल तर' अशा अर्थाचा 'इफ' मसुद्यात कोठे शिरला असल्यास तो खोडून टाकावा.